सीमेवरच्या गावातील जेवण

फ्रान्सला जाऊन आलो असे सांगितले की ऐकणारा पहिला प्रश्न आयफेल टॉवरविषयी विचारतो आणि दुसरा, आवाज किंचित खाली आणून, "पण जेवणाचे काय केलेत?" असा. पहिल्या प्रश्नाचे आमचे उत्तर निराशाजनक आहे; आम्ही पॅरिस पाहिलेच नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र थोडे लांब असल्यामुळे ते लिहूनच काढावे असे ठरविले.

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडमधील बाझल या शहरी राहतो. स्वित्झर्लंड, जर्मनी आणि फ्रान्स या तीन देशांच्या सीमा जेथे मिळतात तेथे हे शहर वसलेले आहे. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही आणि सौ. त्याच्याकडे गेलो असता त्याने दोन दिवस फ्रान्समधील कोल्मार या जुन्या गावी जाण्याचा बेत आखला. बाझलहून आगगाडीने हे गाव जेमतेम पाऊण तासाच्या अंतरावर आहे.

कोल्मार हे आल्सास प्रांतातील गाव. लाकडी चौकटींमध्ये भिंती भरून बांधलेली, गुलाबी, पिवळ्या, निळ्या रंगांची उतरत्या छपरांची घरे, मधून वाहणारी लाउख नदी आणि दुकानांवर लोंबणाऱ्या घडीव लोखंडाच्या पाट्या असे त्याचे रूप आहे. १४८० साली पुरी झालेली जकातीची जुनी इमारत आणि १५३७ साली एका व्यापाऱ्याने बांधलेला फिस्टेर वाडा आजही उभा आहे. न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा घडविणारा शिल्पकार बार्तोल्दी १८३४ साली याच गावात जन्मला. उंटरलिंडन संग्रहालयात ग्र्यूनेवाल्ड या चित्रकाराने सोळाव्या शतकाच्या आरंभी रंगविलेली इझेनहाइमची वेदिका आहे. तिच्यासमोर आम्ही बराच वेळ उभे होतो.

परंतु आमचे मन खरे गुंतले ते या प्रांताच्या नशिबात. सतराव्या शतकात हा मुलूख टप्प्याटप्प्याने फ्रान्सकडे आला. १८७१ साली युद्धात हरलेल्या फ्रान्सला तो जर्मनीच्या हवाली करावा लागला. १९१८ साली तो परत मिळाला. १९४० साली हिटलरच्या जर्मनीने गिळला. १९४५ च्या फेब्रुवारीत कोल्मार पुन्हा मुक्त झाले. म्हणजे १८७० साली जन्मलेल्या आणि पंचाहत्तर वर्षे जगलेल्या माणसाने आपले घर न सोडता चार वेळा देश बदलला. 'सीमाभाग' हा शब्द आम्ही बेळगावकडची माणसे कळत्या वयापासून ऐकत आलो. आमच्या वडिलांच्या पिढीने १९५६ साली एका सकाळी राज्य बदललेले पाहिले. त्यामुळे कोल्मारच्या गल्ल्यांतून हिंडताना आम्ही परक्या गावी आहोत असे फारसे वाटेना.

आता जेवणाकडे वळू. पहिल्या दिवशी आमची फजितीच झाली. वस्तुसंग्रहालय पाहण्यात वेळ कसा गेला ते कळले नाही, आणि सव्वादोन वाजता एका खानावळीच्या दारात उभे राहिलो तेव्हा "स्वयंपाकघर बंद झाले" असे नम्र परंतु ठाम उत्तर मिळाले. फ्रान्समध्ये दुपारचे जेवण साधारणतः बारा ते दोन आणि रात्रीचे सात वाजल्यापुढे, ही तेथली रीत. मधल्या वेळी आचारीही विश्रांती घेतो, आणि त्या विश्रांतीचा मान गिऱ्हाईक राखते. नदीकाठी बसून मीठ भुरभुरलेले, गाठ मारल्यासारखे दिसणारे ब्रेत्झेल पाव खात आम्ही ती दुपार काढली.

दुसऱ्या दिवशी मात्र बाराच्या ठोक्याला हजर झालो. या प्रांतातील परंपरागत खानावळीला 'विन्श्टूब' म्हणतात. शब्दाचा अर्थ 'वाइनची खोली'. द्राक्षमळेवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी आपल्याकडची वाइन विकण्यासाठी घरातली एखादी खोली मोकळी करावी, पिणाऱ्यांना काही खायलाही द्यावे, अशा प्रथेतून या खानावळी वाढल्या. आम्ही गेलो ती तशीच होती. ठेंगणे छत, काळवंडलेल्या तुळया, तांबड्या-पांढऱ्या चौकटींची कापडे, आणि लांब मेजे. अनोळखी माणसेही तेथे खांद्याला खांदा लावून बसतात. कोपऱ्यातील एक मेज नित्याच्या गिऱ्हाइकांसाठी राखलेले असते, त्याला 'श्टामटिश' म्हणतात. त्यावर चार वृद्ध गृहस्थ हिरव्या दांड्याचे पेले पुढे घेऊन बसले होते.

आत शिरताच प्रथम "बाँजूर" म्हणावयाचे, हे पुतण्याने बजावून ठेवले होते. नमस्कार न करता थेट मागणी करणे तेथे उद्धटपणाचे समजतात. आणखी काही गोष्टी आमच्या वाचकांना उपयोगी पडाव्यात म्हणून येथेच नोंदवितो. 'मेन्यू' या शब्दाचा तेथील अर्थ ठरावीक दरात मिळणारे दोन-तीन पदार्थांचे बांधीव जेवण. पदार्थांच्या यादीला 'कार्त' म्हणतात. 'आंत्रे' म्हणजे मुख्य पदार्थ नव्हे, आरंभीचा पदार्थ. दरपत्रक दाराबाहेर लावलेले असते, ते वाचूनच आत जावे. 'काराफ दो' असे म्हटले की नळाच्या पाण्याची सुरई फुकट मिळते. न सांगितल्यास बाटलीच्या पाण्याचे पैसे पडण्याचा संभव. पाव जेवणासोबत येतो, त्याची वेगळी किंमत नाही. सेवेचा आकार दरातच धरलेला असतो. आणि बिल मागितल्याखेरीज कोणी आणून ठेवीत नाही. ते आपण होऊन आणणे म्हणजे पाहुण्याला उठविणे होय.

मालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या असाव्यात. त्यांच्यापुढे आमचा प्रश्न अवघड होता. या प्रांताचे नामांकित पदार्थ पाहिले तर 'शूक्रूत' म्हणजे मीठ घालून कित्येक आठवडे आंबविलेली बारीक चिरलेली कोबी. कोबीपुरते ते आपल्या लोणच्याचे चुलत भावंड, परंतु शिजते ते डुकराच्या मांसासह. 'बेकेओफ' म्हणजे 'भटारखान्याची भट्टी'. बटाटे, कांदे आणि तीन तऱ्हांचे मांस वाइनमध्ये मुरवून मातीच्या भांड्यात रचावयाचे, झाकणाच्या कडा कणकेने लिंपून बंद करावयाच्या, आणि सोमवारी, म्हणजे कपडे धुण्याच्या दिवशी, भांडे पाववाल्याच्या भट्टीत ठेवून बायकांनी नदीवर जावयाचे. घरी परतेपर्यंत जेवण तयार! कणकेने झाकण लिंपण्याची युक्ती ऐकून सौ.ने मान डोलावली, परंतु त्या तीन मांसांत गोमांसही असल्याचे कळताच तिने खुर्ची एक वीत मागे सरकविली.

"अहो, त्यांना नीट सांगा," ती म्हणाली, "मांस नको, मासे नकोत, आणि अंडेही नको."

पुतण्याने आपल्या फ्रेंचमध्ये ते सांगितले. आम्हांला वाटले, आता खांदे उडविले जाणार. परंतु बाईंनी पेन्सिल कानामागे खोचली, क्षणभर विचार केला आणि दोन नावे उच्चारली. पहिला पदार्थ 'फ्लामकुश'. भाकरीसारख्या पातळ लाटलेल्या पोळीवर दाट साय आणि कांद्याच्या चकत्या पसरून ती धगधगत्या भट्टीत दोन-चार मिनिटे भाजतात. मुळात हा शेतकऱ्यांचा पदार्थ. पाव भाजण्याच्या दिवशी भट्टी पुरेशी तापली की नाही हे पाहण्यासाठी आधी एक पोळी टाकून बघत. तीवर डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात, ते बाईंनी वगळले. दुसरा पदार्थ 'बिबलेसकेस': ताज्या दह्यासारख्या मऊ चीजमध्ये लसूण आणि कोवळी कांद्याची पात घालून, सोबत परतलेले बटाटे.

सौ.ने पहिला घास घेतला आणि ती एकदम म्हणाली, "अगं बाई, हा तर चक्का! लसणाचा चक्का!"

आम्ही कांद्याची 'तार्त' मागविली. तीत अंडे असते. आम्ही प्रवासात अंडे खातो हे सौ.ला ठाऊक आहे आणि तिने ते कधीच माफ केले आहे.

जेवता जेवता आमचे लक्ष भाषेकडे गेले. शिक्षकाचा कान, दुसरे काय! मालकीणबाई आमच्याशी फ्रेंच बोलत, कोपऱ्यातील वृद्धांशी मात्र वेगळ्याच बोलीत. ती आल्साशियन, जर्मन कुळातील बोली. ताटे आणणारी तरुण मुलगी त्यांची नात होती. तिच्याशी पुन्हा फ्रेंच. हे असे का, असे आम्ही पुतण्याकरवी विचारले. गर्दी ओसरली होती. बाई मेजाच्या कडेला टेकल्या आणि सांगू लागल्या. १९४० ते १९४५ या काळात जर्मनांनी फ्रेंच बोलण्यावर, इतकेच काय, फ्रेंच टोपी घालण्यावरही बंदी घातली होती, हे त्यांनी आईकडून ऐकले होते. युद्ध संपले आणि काटा उलट फिरला. फ्रेंच बोलणे हेच ऐटीचे, अशी जाहिरात गावोगावी लागली. त्या शाळेत गेल्या तेव्हा खेळाच्या मैदानावर घरची बोली तोंडातून निघाली तरी शिक्षा होई. पुढे स्वतःला मुलगी झाली तेव्हा तिला कोणी हसू नये म्हणून त्यांनीच तिच्याशी बोली बोलणे सोडले.

"माझ्या नातीला सगळ्या पदार्थांची नावे येतात," त्या म्हणाल्या, "पण त्यांच्याविषयी बोलायला शब्द येत नाहीत."

या वाक्याने आम्हांला चटका लागला, आणि त्याला कारण आहे. फ्रेंच लेखक आल्फाँस दोदे यांची 'शेवटचा धडा' ही कथा एनसीईआरटीच्या बारावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकामुळे आपल्याकडे घरोघर पोहोचली आहे. आल्सासच्या शाळांतून यापुढे फक्त जर्मन शिकविले जाईल असा हुकूम येतो, आणि वृद्ध मास्तर फ्रेंचचा अखेरचा पाठ घेतात. मातृभाषेचे महत्त्व सांगताना ही कथा आम्ही शाळेच्या प्रार्थनासभेत कितीदा तरी सांगितली असेल. परंतु तेव्हाच्या आल्सासमधील खेड्यांत बहुतेक मुलांच्या घरची भाषा फ्रेंचही नव्हती आणि पुस्तकी जर्मनही नव्हती. ती होती ही बोली. तिचा शेवटचा धडा कोणत्याही वर्गात झाला नाही, कारण तिचा पहिला धडाही कधी झाला नव्हता. इतकी वर्षे आम्ही अर्धीच गोष्ट सांगत होतो, हे आम्हांला त्या खानावळीत उमगले. पुढे १९९० नंतर तेथे द्विभाषिक वर्ग निघाले आहेत. त्यांत निम्मा वेळ फ्रेंच आणि निम्मा वेळ जर्मन चालते. काही रस्त्यांच्या पाट्यांवर फ्रेंच नावाखाली बोलीतले नावही दिसते. पाटीवर आलेली भाषा घरात परत येते की नाही, हा प्रश्न मात्र पाटी सोडवू शकत नाही.

याच वेळी एक गंमत घडली. पुतण्याची सहा वर्षांची मुलगी, आमची नात, इतका वेळ बटाटे चिवडीत बसली होती. बाईंनी सवयीने आपल्या बोलीत तिला काहीतरी विचारले. पोर चटकन उत्तरली! बाझलच्या बालवाडीत ती तेथली जर्मन बोली शिकली आहे, आणि बाझलची बोली व आल्साशियन या सख्ख्या बहिणी. दोघींचे असे काही बोलणे जमले की कोपऱ्यातील वृद्धांनीही माना वळविल्या. बाईंची स्वतःची नात ताटे हातात घेऊन ते ऐकत उभी होती. तिला त्यातले किती समजले ते कळले नाही. ती हसली आणि आत गेली. थोड्या वेळाने बाईंनी आमच्या पोरीपुढे बदाम लावलेल्या कुगलोफ केकचा एक तुकडा आणून ठेवला. त्याचे पैसे घेण्यास त्या तयार झाल्या नाहीत.

आम्हांला आनंद झाला हे खरे. परंतु त्या आनंदाच्या तळाशी काही टोचत होते. ज्या पोरीने परक्या आजीशी तिच्या बोलीत गप्पा मारल्या, ती आपल्या आजीला उत्तर देताना मात्र अडखळते. अर्धे वाक्य मराठीत, उरलेले तिच्या शाळेच्या भाषेत. दोष तिचा नाही, तिच्या आईबापांचाही फारसा नाही. आणि हे काही बाझललाच घडते असे थोडेच आहे? बेळगावातील, वडोदऱ्यातील, इंदुरातील आपल्या घरांकडे पाहावे. गणपतीला उकडीचे मोदक होतात, संक्रांतीला गूळपोळी होते, दिवाळीला चकली मोडत नाही. चवीच्या बाबतीत आपण पक्के आहोत. परंतु 'मोहन घालणे', 'उकड काढणे', 'पाक दोनतारी होणे' हे शब्द घरातल्या किती मुलांना उमगतात? पदार्थ जिभेवर राहतो आणि शब्द जिभेवरून उतरतो. कोल्मारच्या त्या बाईंनी हेच सांगितले होते, आणि ते सांगताना त्यांनी कोणत्याही सरकारला बोल लावला नाही. आपल्या हातून काय झाले तेवढेच सांगितले.

परतीच्या गाडीत नात खिडकीपाशी बसली होती. एकाएकी तिने विचारले, "आजी, चक्का म्हणजे काय?"

पुतण्या जर्मनमध्ये सांगू लागला, सौ.ने त्याला हाताने थांबविले. मग तिने पहिल्यापासून सुरुवात केली. दूध कोमट करायचे, विरजण लावायचे, रात्रभर हलवायचे नाही, सकाळी पातळ फडक्यात बांधून खुंटीला टांगायचे. "टांगायचे म्हणजे?" नातीने विचारले. सौ.ने रुमालाची पुरचुंडी करून खिडकीच्या कडीला अडकवून दाखविली. "टांगायचे," नात म्हणाली. बाझलचे स्थानक आले तेव्हा गोष्ट श्रीखंडातल्या केशरापर्यंत पोहोचली होती, आणि उरलेली घरी गेल्यावर सांगायची असे ठरले.