संगणकाची कांचेची पेटी कशी निवडावी ?

हल्लीं आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या बोलण्यांत परीक्षा व क्रिकेट यांच्या जोडीला आणखी एक विषय ऐकूं येऊं लागला आहे. तो म्हणजे स्वतःच्या हातांनीं जुळविलेला खेळाचा संगणक. तयार संगणक विकत न घेतां मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय हे सर्व भाग निरनिराळे आणून ते एका पेटींत बसवावयाचे, त्या पेटीच्या एका अंगास कांच असावी, आणि त्या कांचेंतून आंतील रंगीबेरंगी दिवे रात्रीं झगमगतांना दिसावे, अशी ही हौस आहे. या पेटीसच बाजारांत 'कॅबिनेट' असें म्हणतात.

गेल्या वर्षीं पालकांच्या सभेनंतर दोघांतिघां गृहस्थांनीं आम्हांस एकच प्रश्न विचारला, "मुलगा कांचेची पेटी मागतो, ती घ्यावी कीं नाहीं, आणि घ्यावयाची तर कोणती?" उभ्याउभ्या आम्हीं जें उत्तर दिलें तें आमचें आम्हांसच अपुरें वाटलें. म्हणून तो विषय येथें सविस्तर मांडण्याचें योजिलें आहे. खेळांत किती वेळ घालवावा हा प्रश्न अगदीं निराळा असून त्याचा निर्णय ज्याच्या त्याच्या घरीं व्हावा हेंच इष्ट. आमचें म्हणणें एवढेंच कीं, वस्तु घेण्याचें एकदां ठरलें म्हणजे ती डोळसपणें घ्यावी.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. १९८१ सालीं आय्. बी. एम्. कंपनीनें आपला सुप्रसिद्ध घरगुती संगणक बाजारांत आणला, त्याची पेटी पोलादी पत्र्याची होती, आणि ती उघडून पाहण्याचें कारण सामान्य मनुष्यास क्वचितच पडे. १९९५ सालीं इंटेल कंपनीनें 'एटीएक्स' नांवाचें माप ठरवून दिलें. त्यामुळें एका कारखान्याचा मदरबोर्ड दुसऱ्या कारखान्याच्या पेटींत निमूटपणें बसूं लागला, आणि घरीं संगणक जुळविण्याची कला खऱ्या अर्थानें सुलभ झाली. १९९८ सालीं ॲपल कंपनीच्या आयमॅकनें अर्धपारदर्शक रंगीत पेटी दाखवून लोकांस मोह घातला. पुढें हौशी लोक पत्र्यास चौकोन कापून तेथें ॲक्रिलिकची खिडकी बसवूं लागले. परंतु ॲक्रिलिकवर पुसतांपुसतां चरे पडतात. २०१६ च्या सुमारास पाणी दिलेली, म्हणजे टेंपर्ड, कांच या कामीं सर्रास येऊं लागली, आणि तेव्हांपासून कांचेची बाजू ही हौसेची खूण होऊन बसली आहे.

आतां पेटीचें काम तरी काय, हें पाहिलें पाहिजे. तिचीं कामें तीन: आंतील भाग घट्ट धरून ठेवणें, त्यांच्यावरून वारा खेळविणें, आणि विजेच्या दृष्टीनें त्यांचें व आपलें रक्षण करणें. शोभा हें चौथें काम. तें पहिल्या तिहींच्या आड येतां कामा नये.

यांपैकीं वाऱ्याचें काम किती मोठें आहे याची कल्पना साध्या गणितानें येते. खेळ चालू असतांना मध्यम प्रतीचा संगणक ४०० वॅट वीज घेतो असें धरूं. ही सारी वीज शेवटीं उष्णतेंत रूपांतर पावते. म्हणजे पेटींत दर सेकंदास ४०० जूल उष्णता निर्माण होते. एक लिटर हवा एक अंशानें तापण्यास सुमारें १.२ जूल लागतात. पेटींतून बाहेर पडणारी हवा खोलींतील हवेपेक्षां दहा अंशांहून अधिक तापूं नये अशी आपली इच्छा असेल, तर दर सेकंदास ४०० भागिले १२, म्हणजे सुमारें ३३ लिटर हवा आंत येऊन बाहेर गेली पाहिजे. पेटी ५० लिटरांची असेल तर तिच्यांतील सगळी हवा मिनिटास चाळीस वेळां बदलावी लागेल ! विद्यार्थ्यांनीं हें गणित आपल्या वहींत पुन्हां करून पाहावें. विदर्भांत वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. तेथें खोलींतील हवाच तापलेली, मग तिजपासून थंडाव्याची अपेक्षा किती करावी? म्हणून थंड देशांतील लोकांनीं वाखाणलेली पेटी आपल्याकडे तशीच चालेल असें समजूं नये.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. कांचेंतून उष्णता पत्र्यापेक्षां कमी वाहते हें खरें. म्हणून कांचेची पेटी तापते, असें कित्येक सांगतात. परंतु पेटींतील उष्णता भिंतींतून फारशी जातच नाहीं. ती वाऱ्याबरोबर जाते. म्हणून बाजूची कांच फारशी बाधक नाहीं. बाधक आहे ती समोरची कांच. पंख्यांच्या पुढेंच कांचेची अखंड ताटी उभी केली, आणि वाऱ्यास कडेची बोटभर फट तेवढी ठेविली, तर पंखे कितीहि फिरले तरी त्यांस ओढावयास हवाच मिळत नाहीं. तोंडावर हात धरून धांवावयास सांगण्यासारखाच तो प्रकार होय. यासाठीं आमची पहिली सूचना अशी कीं, कांच बाजूस असावी व तोंडास जाळी असावी. २०१८ सालीं लिअन ली कंपनीनें 'ओ ११ डायनॅमिक' नांवाची पेटी काढली. तिच्या समोर व बाजूस दोन्हीकडे कांच आहे, परंतु वारा खालून व दुसऱ्या अंगानें घेण्याची सोय तिच्यांत केलेली आहे. अशी पेटी घ्यावयाची तर तिच्या तळाचे व अंगचे पंखे वेगळे घ्यावे लागतात, आणि ती भिंतीस किंवा गालिच्यास चिकटवून ठेवतां येत नाहीं, हें ध्यानांत असावें.

पंखे सामान्यतः १२० किंवा १४० मिलिमीटरांचे असतात. समोरून दोन आंत ओढणारे व मागून एक बाहेर टाकणारा, ही मांडणी बहुतेकांस पुरेशी होते. आंत येणारा वारा बाहेर जाणाऱ्यापेक्षां किंचित् अधिक ठेवावा. म्हणजे फटींतून हवा बाहेर जाते व धूळ आंत शिरत नाहीं. जेथून वारा आंत येतो तेथें काढतां-घालतां येणारी गाळणी असलीच पाहिजे. उन्हाळ्यांत ती गाळणी दर पंधरवड्यास धुवावी व पूर्ण वाळवूनच परत बसवावी. जाळी असली म्हणजे झुरळ व पाल यांसहि मज्जाव होतो, हा आपल्याकडे लहान लाभ नव्हे. कोंकणपट्टींत पावसाळ्यांत पत्र्याच्या कापलेल्या कडांस गंज चढतो. तेव्हां रंग कडांपर्यंत नीट बसला आहे कीं नाहीं हेंहि दुकानांतच पाहावें.

दुसरी सूचना मापांची. पेटी पाहण्यापूर्वीं पट्टी व कागद घेऊन बसावें. एटीएक्स मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४, आणि मिनी-आयटीएक्स १७० बाय १७० असतो. मोठ्या पेटींत लहान बोर्ड बसतो, उलट मात्र होत नाहीं. ग्राफिक्स कार्डाची लांबी अवश्य पाहावी. एन्व्हिडिया कंपनीचें २०२२ सालचें आरटीएक्स ४०९० हें कार्ड ३०४ मिलिमीटर लांब असून तें एकटेंच ४५० वॅटपर्यंत वीज घेतें. उलट २०२३ सालचें आरटीएक्स ४०६० केवळ ११५ वॅटवर काम करतें. पेटीच्या पत्रकावर कार्डासाठीं ३५० मिलिमीटर जागा लिहिली असली, तरी समोर पाण्यानें थंड करणारा रेडिएटर व त्याचे पंखे बसविले कीं त्यांतील सुमारें ५५ मिलिमीटर जातात. मग तेंच ३०४ चें कार्ड बसत नाहीं. प्रोसेसरवरील उंच कूलरची गोष्ट तशीच. नॉक्टुआ कंपनीचा प्रसिद्ध एन्एच-डी१५ हा १६५ मिलिमीटर उंच आहे. पेटींत १६० च असतील, तर सारें जुळवून झाल्यावर शेवटीं कांच लागत नाहीं. कांच दाबून लावण्याचा मोह तेव्हां अनावर होतो, आणि येथेंच अनर्थ होतो. जाड तार कांचेनें दाबली जाऊन तिच्या तोंडाशींच वळली तर जोडणी सैल होते. आरटीएक्स ४०९० च्या कांहीं कार्डांच्या जोडणीचीं टोकें वितळल्याच्या तक्रारी २०२२ सालीं आल्या, त्यांचें मुख्य कारण टोंक पुरतें आंत न बसणें हें होय, असें त्या कंपनीनें सांगितलें. म्हणून कांच व तार यांच्यामध्यें मोकळी जागा राहिली पाहिजे.

आतां खुद्द कांचेविषयीं. साधी कांच ६०० अंशांहून अधिक तापवून तिच्या दोन्ही पृष्ठांवर एकदम गार वारा सोडतात. बाहेरचा थर आधीं निवतो व घट्ट होतो. आंतला भाग मागाहून निवतांना आकुंचन पावूं पाहतो व बाहेरच्या थरास ओढून धरतो. अशा रीतीनें पृष्ठभाग कायमचा दाबाखालीं व गाभा कायमचा ताणाखालीं राहतो. या कारणानें ती साध्या कांचेच्या सुमारें चौपट बळकट होते. परंतु कोठेंहि चीर गाभ्यापर्यंत पोंचली, तर सांठविलेला सर्व ताण एका क्षणांत सुटून संपूर्ण ताटीचे बारीक खडे होतात. सतराव्या शतकांत इंग्लंडच्या दरबारीं राजपुत्र रूपर्टनें कांचेचे असेच थेंब दाखविले होते. त्यांच्या डोक्यावर हातोडी मारली तरी ते फुटत नसत, पण शेपटी मोडली कीं त्यांची पूड होई. पेटीच्या कांचेची शेपटी म्हणजे तिची कड. मधोमध लागलेला धक्का ती सोसते. कडेवर लागलेला सोसत नाहीं.

हें आम्हीं पुस्तकांत वाचलें होतें, पण शिकलों तें दिवाळीच्या सुटींत. दहावीच्या तीन विद्यार्थ्यांनीं वर्षभर पैसे साठवून एक पेटी आणली व संगणक-कक्षांत आमच्या देखत जुळविण्यास घेतली. एकानें कांच काढून, ती आडवी ठेवली तर तिजवर पाय पडेल अशा सद्हेतूनें, भिंतीशीं फरशीवर उभी टेकविली. फरशी कांचेहून कठीण. तिच्या एका बारीक टोंकावर कांचेच्या कडेचा सारा भार आला असावा. फटाक्यासारखा आवाज झाला, आणि कांच होती तेथें खड्यांची रास दिसली. एकाच्या अनवाणी पायास थोडें रक्त आलें; याहून इजा झाली नाहीं, ही देवाची कृपा. चूक त्या मुलाची नव्हे, आमची होती. कारण जाणणाऱ्यानें आधीं सांगावयास हवें होतें. पुढें तीं मुलें कांचवाल्याकडे तीच कांच मागावयास गेलीं. त्या भल्या कारागिरानें सांगितलें कीं, पाणी दिलेली कांच मागाहून कापतां येत नाहीं, तिला भोकहि पाडतां येत नाहीं; आधीं कापून, भोकें पाडून, मगच ती भट्टींत घालतात. साधी कांच मात्र आम्हीं बसवूं दिली नाहीं, कारण ती फुटली तर तिच्या सुऱ्या होतात. शेवटीं दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडून ॲक्रिलिकचा तुकडा कापून आणला. त्यावर चरे पडले आहेत, पण संगणक आजहि उत्तम चालतो.

या अनुभवावरून आमचे नियम असे. कांच काढतांना पेटी आडवी निजवावी. काढलेली कांच घोंगडीवर किंवा सतरंजीवर सपाट ठेवावी, फरशीवर उभी कदापि नाहीं. पायांत चपला असाव्या. कांचेस चार कोपऱ्यांत भोकें पाडून स्क्रूनें आवळलेली असते त्यापेक्षां लोखंडी चौकटींत बसविलेली कांच अधिक बरी. स्क्रू असलेच तर त्यांखालीं रबराच्या चकत्या हव्यात, आणि ते बोटांनींच आवळावे. चाळीस बाय पंचेचाळीस सेंटिमीटर लांबीरुंदीची चार मिलिमीटर जाड कांच सुमारें पावणेदोन किलो भरते. तिला एका हातानें पेलण्याचें शौर्य कोणीं करूं नये. आणि पालकांस एक विशेष विनंती: भिंतींतील सॉकेटास अर्थिंग खरोखर आहे कीं नाहीं हें वायरमनकडून तपासून घ्यावें. पेटीच्या पत्र्यास हात लावतांच मुंग्या येत असतील, तर दोष पुष्कळदां तेथेंच असतो.

राहिला पैशाचा प्रश्न. पेटीचा मोह पुरविण्यासाठीं पॉवर सप्लाय हलक्या प्रतीचा घ्यावयाचा, हा व्यवहार आम्हीं एकाहून अधिक वेळां पाहिला आहे. बाहेर कांच व दिवे, आणि आंत सारें यंत्र ज्याच्यावर अवलंबून तोच भाग कच्चा. यासच वरून कीर्तन, आंतून तमाशा असें आपल्याकडे म्हणतात. बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. तो येथें अक्षरशः लागू आहे. आधीं पॉवर सप्लाय, मग प्रोसेसर व कार्ड, मग वाऱ्याची सोय, आणि उरलेल्या पैशांत जेवढी शोभा बसेल तेवढी, असा क्रम धरावा.

असो. कांचेचा एक गुण मात्र आम्हांस मनापासून आवडतो. पत्र्याआड सांचलेली धूळ, सैल पडलेली तार, थांबलेला पंखा हीं दिसत नाहींत. कांचेआडून तीं रोज दिसतात आणि मालकास लाज वाटते. ज्याला आपलें काम चारचौघांस उघडें दाखवावयाचें आहे, त्यानें तें आधीं नीट केलेलें असावें लागतें. एवढें एक आमच्या विद्यार्थ्यांनीं त्या पेटीपासून घेतलें, तर तिच्यासाठीं घरून दिलेला पैसा वांया गेला असें कोणीहि पालक म्हणणार नाहींत.