मुंबई–नागपूर : हवेतली पन्नास मिनिटं, तिकिटावरचा दीड तास

मुंबई ते नागपूर हवाई अंतर साधारण 680 किलोमीटर. रेल्वेने तेच 837 भरतं. समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतच 701 घेतो. जेट विमान वर गेलं की ताशी 800-850च्या वेगाने जातं. म्हणजे पन्नास मिनिटांत नागपूरचं सोनेगाव विमानतळ यायला हवं. तिकिटावर मात्र दीडेक तास असतो. वरची ही मिनिटं जातात कुठे, ते बघायला खिडकीची जागा घ्यावी आणि मोबाइलऐवजी घड्याळ हाताशी ठेवावं.

तिकिटावरची वेळ नुसत्या उड्डाणाची नसतेच. विमान जागेवरून हललं की ती सुरू होते आणि पलीकडे जागेवर उभं राहिलं की संपते. चाकांखालचे चॉक निघतात, ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलतो. मग खालचा माणूस बाजूला होऊन लाल फीत लावलेली पिन वैमानिकाला दिसेल अशी उंच धरतो : पुढचं चाक आता तुमच्या ताब्यात. इथून रांग. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालवावी लागते. उतरणारी विमानंही तिच्यावरच. दोन उतरणाऱ्यांच्या मधल्या फटीत आपल्याला सुटायचं असतं. पंधरा-वीस मिनिटं इथेच जातात.

त्यात वारा बहुधा समुद्राकडून, आणि विमानाला उडताना वारा समोरून हवा. म्हणून नागपूर पूर्वेला असूनही विमान सुटतं पश्चिमेला. जुहूचा किनारा ओलांडून समुद्रावर जायचं, मग वळसा घेऊन परत शहराकडे. इतकं उडून आपण अजून मुंबईतच.

पुढचा प्रवास जवळजवळ सगळा चढ-उतारच आहे. 35 हजार फुटांवर पोचेपर्यंत छत्रपती संभाजीनगरचा टापू येतो. उतरण्याचा ठोकताळा असा की दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल धरायचे. म्हणजे सुमारे 200 किलोमीटर आधीच, अकोल्याच्या आसपास, उतरणीला लागायचं. सपाट उड्डाण उरतं ते मधल्या पट्ट्यापुरतं. चहाची गाडी मागच्या रांगांपर्यंत पोचते तोवर कप गोळा करायची वेळ झालेली असते.

ऋतूही लुडबुड करतो. हिवाळ्यात उंचावरचा वारा पश्चिमेकडून वाहतो, नागपूरला जाताना पाठीवर मिळतो. हिवाळी अधिवेशनाला जाणाऱ्या आमदारांना तेवढीच सवलत! भर पावसाळ्यात, जमिनीवर नैर्ऋत्येचे वारे असताना, तिथे वर मात्र पूर्वेकडून वाहतं आणि हिशेब उलटतो. फरक काही मिनिटांचाच.

वेळेच्या या हिशेबात नागपूरला देशाच्या मधोमध असण्याचा लाभ पूर्वी मोठा होता. 1949 साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात भेटत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत घरी परतत.

परतीला मुंबईची रांग हवेत लागते. घिरट्या घालाव्या लागतील, हे गृहीत धरूनच वेळापत्रक सैल बांधलेलं असतं. एखाद्या दिवशी रांग नसते, विमान चांगलं वीस मिनिटं आधी टेकतं, उद्घोषणेत त्याची फुशारकी मारून होते. मग कळतं की आपल्या जागेवर दुसरंच विमान उभं आहे, आणि ते वेळेवरच निघणार आहे.