लिटरचा भाव आणि किलोमीटरचा हिशेब

2021 च्या मे महिन्यात मुंबईत साधे पेट्रोल शंभरीपार गेले, तेव्हा राज्यभर ओरड झाली. आम्हा परभणीकरांनी ती शंभरी आधीच पाहिली होती. आमच्याकडचे पेट्रोल टँकरने मनमाडच्या डेपोतून येई. जवळपास तीनशे किलोमीटरचे भाडे भावात चढायचे. भाव काही आपल्या हातात नसतो. म्हणून माणूस हातात असते तिथे काटकसर करतो आणि फसतो. मीही फसलो.

अम्मीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी पन्नास किलोमीटरवर न्यावे लागते. ती फेरी चुकवता येत नाही, म्हणून मी गाडीचे सर्व्हिसिंग चुकवले. 'पुढच्या महिन्यात पाहू' म्हणता म्हणता सहा महिने गेले. गाडी जास्त पेट्रोल खाऊ लागली, तेव्हा संशय पंपवाल्यावर घेतला. पंपावर पाच लिटरचे माप मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. मी मागितले. माप बरोबर निघाले, मी खजील झालो.

मिस्त्रीने विचारले, "चाचा, ॲव्हरेज किती देते?" मला सांगता येईना. कवीला हिशेब जमत नाही असे घरात सगळेच म्हणतात; पण हा सोपा आहे. टाकी भरताना नोझल आपोआप बंद होते, तिथेच थांबायचे आणि मीटरवरचे किलोमीटर लिहून ठेवायचे. पुढच्या वेळी त्याच पंपावर तसेच भरायचे. माझ्या गाडीला 420 किलोमीटरला 28 लिटर लागले, म्हणजे लिटरला 15. भाव 105 रुपये धरला तर किलोमीटरला सात रुपये.

मिस्त्रीने गाडी जॅकवर घेऊन चाके हाताने फिरवली. पुढचे डावे चाक फिरेना. ब्रेक सुटतच नव्हता! अम्मीला मागे बसवून मी अशी गाडी हायवेवर पळवत होतो. शिवाय चारही टायरांत हवा कमी. हवा टायर थंड असताना भरावी. किती भरायची, ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. एअर फिल्टर धुळीने भरलेला होता, तोही बदलला. मात्र इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत त्याने ॲव्हरेज फारसे वाढत नाही, ओढ सुधारते, हे मिस्त्रीनेच प्रामाणिकपणे सांगितले.

नंतर तेवढ्याच अंतराला 24 लिटर लागले. किलोमीटरला सहा रुपये. आमच्या वर्षाच्या दहा हजार किलोमीटरमागे दहा हजार रुपये! सर्व्हिसिंगला त्याच्या निम्मेही गेले नव्हते.

एक मात्र लक्षात ठेवा. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडे उतरणारच. गाडी जुनी असेल तर पेट्रोलच्या रबरी नळ्या तपासून घ्या. माझ्या गाडीची एक नळी तडकलेली निघाली. ती मिस्त्रीने मी न सांगताच बदलली.