फी भरण्याआधी

‘मुलींची फी माफ झाली म्हणतात, मग आमची का नाही?’ असं विचारत एक ओळखीचे गृहस्थ माझ्याकडे आले. मुलगी इंजिनिअरिंगला, उत्पन्न आठ लाखांच्या आत. प्रवेशाची पावती पाहिली आणि उलगडा झाला. ‘कॅप’च्या फेऱ्यांत कॉम्प्युटर मिळेना, म्हणून घाबरून त्यांनी व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतली होती.

महाराष्ट्रात २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच झालेला हवा. कोट्यातल्या जागेला ही सवलत नाही. मेकॅनिकल घेतली असती, तर फी वाचली असती. आणि खरं सांगू? त्या मुलीला मेकॅनिकलच आवडत होतं. कॉम्प्युटरचा हट्ट वडिलांचा.

मग राहिलं कर्ज. शिकताना आणि पुढे वर्षभर सहसा हप्ता नसतो, म्हणून लोक निर्धास्त राहतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू. दरवर्षी एक लाख उचललं, दर दहा टक्के सरळव्याज धरला, तर पाच वर्षांअखेर चार लाखांवर एक लाख चाळीस हजार व्याज साचतं. जमेल तेवढं व्याज आधीच भरत जावं.

गृहस्थ आता तसंच भरतात. धाकटी यंदा बारावीला आहे. तिचा ऑप्शन फॉर्म कसा भरायचा, हे विचारायला रविवारी बाप-लेक येणार आहेत. मी सांगितलंय, यादी तिनं लिहून आणावी.