सकाळी थंड इंजिनाचं टायमिंग उड्या मारतंय? आधी हे बघा

राजेहो, नागपुरात डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांखाली सहज जातो (डिसेंबर 2018 मध्ये तर 3.5 होता). तेव्हा पहाटे पेट्रोल गाडीचं आरपीएम 1200-1500 वर गेलं, आवाज जरा खडबडीत आला की काही मंडळी लगेच मिस्त्रीकडे धावतात. थांबा.

थंड स्टार्टला बहुतेक नव्या गाड्यांचा ईसीयू (इंजिनाचा कंट्रोल कॉम्प्युटर) मुद्दाम टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, मागे घेतो, कधी टीडीसीच्याही (पिस्टन सर्वांत वर असतो त्या क्षणाच्या) नंतर. ज्वलन उशिरा होतं, एक्झॉस्ट जास्त गरम निघतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापतो. 250-300 अंशांखाली तो जवळजवळ बिनकामाचाच. शिवाय आयडल सांभाळायला ईसीयू क्षणोक्षणी टायमिंग हलवतो, कारण हवा कमी-जास्त करण्यापेक्षा स्पार्कचा परिणाम लवकर दिसतो. म्हणजे टायमिंगचा आकडा नाचणं हा बिघाड नव्हे.

मग बिघाड कधी? इंजिन गरम झाल्यावरही आयडल डगमगत असेल तर.

माझा पहिला संशय कूलंट सेन्सरवर. रात्रभर उभ्या गाडीत, स्टार्ट न करता, नुसती इग्निशन ऑन करून ओबीडी स्कॅनर लावा. कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. हवा 12 आणि कूलंट 60 दाखवत असेल, तर ईसीयू इंजिन गरम समजून चालतोय. सेन्सर बदलण्याआधी कनेक्टरचा गंज बघा, बरेचदा तोच निघतो. त्यानंतर थ्रॉटल बॉडीवरची काजळी आणि व्हॅक्यूम पाइपच्या चिरा.

जुन्या डिस्ट्रिब्युटरवाल्या एमपीएफआय गाड्यांत बेस टायमिंग गरम इंजिनावर, मॅन्युअलप्रमाणे टेस्ट टर्मिनल जोडूनच तपासा. थंड इंजिनावर डिस्ट्रिब्युटर फिरवू नका, प्लीज.