ठाकुमा, तुम्ही कोणत्या साली आलात?

फाळणीच्या वेळी, १९४७ साली, दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीकडे झुकली आहे. दक्षिण कोलकात्यातल्या बिजॉयगड, आझादगड, नेताजीनगर या पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी स्वतः वसवलेल्या कॉलन्यांत अशा ठाकुमा, म्हणजे आज्या, अजून भेटतात. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या तर आताच. पण विचारायचं काय?

‘सत्तेचाळीस साली काय झालं?’ हा प्रश्न इथे फसतो. पंजाबात बहुतेक स्थलांतर काही महिन्यांत झालं, बंगालात ते दोन तपं चाललं. बरिशाल-खुलन्याकडच्या दंगलींनी १९५० मध्ये माणसं उखडली, १९५२ मध्ये पासपोर्ट लागू होणार म्हणून लोंढे आले, १९६४ च्या दंगलींनंतर पुन्हा, आणि १९७१ मध्ये तर लाखोंनी. त्यामुळे ‘कधी आलात, आणि मागे कोण राहिलं?’ इथून सुरुवात करावी. मग तळं, होडी, सुपारीची झाडं, सियालदह स्टेशनावर काढलेल्या रात्री असं एकेक येत जातं. अत्याचाराबद्दल आपण होऊन खोदू नये. आजी गप्प झाली तर तिला गप्प राहू द्यावं. तो तिचा हक्क आहे. जादवपूर विद्यापीठाच्या जशोधरा बागची आणि शुभरंजन दासगुप्ता यांनी संपादित केलेल्या ‘द ट्रॉमा अँड द ट्रायम्फ’मध्ये अशा स्त्रियांच्या सोसण्याइतकंच त्यांचं पायांवर उभं राहणंही आहे. मुलाखत घेणाऱ्याने तेही विचारायला हवं: पहिली नोकरी कुठे मिळाली, पहिला पगार कुणाच्या हाती दिला?

मला अधिक काळजी वाटते ती न लिहिलेल्यांची. शिकल्यासवरल्या भद्रलोकांनी सोडून आलेल्या गावांबद्दल भरपूर लिहिलं. उशिरा आलेले नमःशूद्र या दलित जातीतले शेतकरी मात्र छावण्यांत आणि तिथून मध्य भारतातल्या दंडकारण्यात पाठवले गेले. मनोरंजन ब्यापारी यांच्यासारखा आत्मकथा लिहिणारा त्यांच्यातून विरळाच.

दुसरीकडे, दक्षिण कोरियात १९८३ मध्ये केबीएस वाहिनीने कोरियन युद्धात ताटातूट झालेल्या कुटुंबांना १३८ दिवस थेट प्रक्षेपणातून एकमेकांशी जोडलं. त्या चित्रफिती आता युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत आहेत. आपल्याकडे अशा आठवणी जपण्याचं काम बरंचसं नातवंडांवरच आहे.

आणि त्यासाठी कोलकात्यालाच जायला हवं असं नाही. गडचिरोलीच्या मुलचेरा, चामोर्शी तालुक्यांत पूर्व बंगालातून आलेल्यांची गावं आहेत. तिथल्या नातवंडांनी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करावं, आजीची बोली शुद्ध बंगालीत ‘सुधारून’ घेऊ नये, गावाचं आणि नदीचं नाव तिच्याच तोंडून दोनदा वदवून घ्यावं आणि मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवावी.