लेकराची माय हसली पाहिजे

आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागात गुलमंडी नावाची बाजारपेठ आहे. या शहराला 2023 पर्यंत औरंगाबाद म्हणत. पैठण गेटाकडून टिळक पथाने सरळ आलं की गुलमंडी लागते. तिथं सुपारी हनुमानाचं मंदिर आहे. कापड, भांडी, मिठाई, सगळं तिथं मिळतं. लग्नसराईत आणि सणावारी खेड्यापाड्यांतली माणसं तिथं खरेदीला येतात. आम्ही शाळेतून निवृत्त झालो, तेव्हापासून संध्याकाळी तिथवर फिरून येतो.

एकदा एक जोडपं पाहिलं. बाईच्या कडेवर तान्हं होतं. दुसरं लेकरू पदराला धरून चाललं होतं. थोरल्याला सदरा घेतला. धाकट्याला टोपडं घेतलं. सासूबाईंना लुगडं घेतलं. मग ती बाई रस्त्याकडेच्या बांगड्यांपाशी थांबली. हिरव्या बांगड्या हातात घेतल्या, उन्हात धरून पाहिल्या, आणि परत ठेवल्या. नवरा म्हणाला, "घे की." ती म्हणाली, "राहू द्या. आता लेकरांचे दिवस. माझं काय एवढं?"

"माझं काय एवढं?" हे वाक्य आपण घरोघरी ऐकतो. ऐकून आपल्याला बरंही वाटतं. आई असावी तर अशी, असं आपण म्हणतो. पण मंडळी, या वाक्यात एक धोका आहे. तो आम्हाला फार उशिरा कळला. तोच आज सांगायचा आहे.

आमची चूक

आम्ही तेव्हा नवे मास्तर होतो. घरात तीन वर्षांची मुलगी होती आणि दोन महिन्यांचा मुलगा. आमच्या लेकरांची आई पहाटे उठायची. पाणी भरायची, चूल पेटवायची, भाकरी थापायची. रात्री मुलगा तीनदा उठायचा. आम्ही कूस बदलून झोपायचो. सकाळी शाळा आहे, मास्तरांना झोप पाहिजे, असा आमचा हिशेब. तिला झोप पाहिजे, हे त्या हिशेबात नव्हतंच.

ती सगळ्यांच्या मागून जेवायची. भाजी उरली तर उरली. नाहीतर भाकरी आणि चटणी. हळूहळू तिचं बोलणं कमी झालं. मुलगा पालथा पडला, आम्ही टाळ्या वाजवल्या. ती नुसती बघत राहिली. आम्ही रागावलो. म्हणालो, "लेकरू पालथं पडलं, तुला आनंद नाही का?"

त्याच आठवड्यात तिची मावशी आली. दोन दिवस तिनं घर पाहिलं. तिसऱ्या दिवशी आम्हाला म्हणाली, "जावईबापू, शाळेतली पन्नास पोरं सांभाळता. घरचं एक घटकाभर सांभाळता येत नाही का? पोर वाळून चालली आहे माझी."

आमची मान खाली गेली. त्या रात्री मुलगा रडला, तेव्हा आम्ही उठलो. त्याला खांद्यावर घेऊन अंगणात फिरलो. दूध पाजायला तेवढं तिला उठवलं. महिनाभर असं चाललं. एके दिवशी शाळेतून येतो तो काय, आतून हसण्याचा आवाज! मुलगा तिचं नाक धरून ओढत होता आणि ती खळखळून हसत होती.

लेकरू तेच होतं. घर तेच होतं. मग आधी आनंद कुठं गेला होता? कुठंच नाही. थकलेल्या डोळ्यांना तो दिसत नव्हता.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

ही म्हण तुम्हाला ठाऊक आहे. आई हा आड आहे. लेकरू त्यातून दूध घेतं, माया घेतं, बोलणं घेतं, हसू घेतं. आड आटला तर लेकराच्या वाट्याला काय येणार? म्हणून आईनं स्वतःकडे पाहणं ही चैन नाही. ती लेकराच्या तोंडचा घास पळवत नाही. उलट, लेकराचाच आड भरून ठेवते.

आधी पोटाचं पाहू. पहिले सहा महिने लेकराला फक्त आईचं दूध द्यावं. वरचं पाणीसुद्धा नको. हे दूध आईच्या शरीरातून तयार होतं. म्हणून त्या काळात तिला रोजच्यापेक्षा सुमारे 600 उष्मांक जास्त लागतात. आपल्या भाषेत सांगायचं तर एक मोठी ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि मूठभर शेंगदाणे. एवढं तिच्या ताटात जास्तीचं पडलं पाहिजे. सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाऊन ते पडत नाही. म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईनं सगळ्यांबरोबर जेवावं, जमलं तर आधी जेवावं.

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देतात. ही चाल चांगली आहे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेही चांगलं. पण काही घरांत तिला पाणी कमी देतात, पालेभाजी देत नाहीत, कोंदट खोलीत धूर करतात. हे चांगलं नाही. पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते. तिला पोटभर पाणी द्यावं, पालेभाजी द्यावी, खोलीत उजेड आणि वारा येऊ द्यावा. धूर आईच्या आणि तान्ह्याच्या छातीला बाधतो.

रक्ताचंही तसंच. 2019 ते 2021 या काळात आपल्या देशात मोठी पाहणी झाली. 15 ते 49 वयाच्या 100 बायकांपैकी 57 बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. रक्त कमी असलं की दम लागतो, चिडचिड होते, उठावंसं वाटत नाही. मग घरचे म्हणतात, "आळशी झाली." आळस नव्हे तो. बाळंतपणानंतर लोहाची गोळी रोज एक, अशी 180 दिवस घ्यायची असते. आशाताई किंवा नर्सबाई ती फुकट देतात. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लागू पडत नाही. लिंबू पिळलेल्या वरणभातानंतर घ्यावी.

झोप कुठून आणायची?

तान्हं लेकरू दिवसातून 14 ते 17 तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यानं. दर दोन-तीन तासांनी दुधासाठी उठतं. त्याची झोप भरते, आईची मोडते. यावर एकच उपाय आहे. लेकरू झोपलं की आईनंही आडवं व्हावं. "ते झोपलं तेवढ्यात धुणं उरकते," असं म्हणू नये. धुणं तासभर थांबलं तर बिघडत नाही. झोप राहिली तर बिघडतं.

पण ती आडवी झाली, तर धुणं करायचं कुणी? इथं घरातल्या बाकीच्यांनी पुढं यावं. सासूबाईंनी यावं, नणंदेनं यावं, आणि बापानं तर यावंच. लेकराला खांद्यावर घेणं, दुपटं बदलणं, अंघोळीचं पाणी तापवणं, थोरल्याला गोष्ट सांगणं, यातलं एकही काम पुरुषाला न जमण्यासारखं नाही. एक पाजणं सोडलं, तर सगळं जमतं. आम्हाला जमलं. चार लोक हसले. थोड्या दिवसांत हसायचे थांबले.

रोजचे छोटे आनंद

आता आनंदाचं बोलू. आनंद म्हटलं की आपल्याला जत्रा आठवते, लग्न आठवतं. ते वर्षातून एकदा. रोजचा आनंद लहान असतो, आणि त्याला पैसा लागत नाही.

लेकराला तेल लावून न्हाऊ घालावं. मग त्याला मांडीवर घेऊन कोवळ्या उन्हात घटकाभर बसावं. त्याच्या अंगाचा वास घ्यावा. ते बोट धरतं, ते धरू द्यावं. तेव्हा दुसरं काम मनात आणू नये. सांजच्याला ओट्यावर शेजारणींबरोबर चार शब्द बोलावेत. स्वतःचे केस नीट विंचरावेत, वेणी घालावी. एक गजरा माळावा. हातावर बांगड्या भराव्यात. गरम चहा गरम असतानाच प्यावा. हसू नका, लेकुरवाळ्या बाईला विचारा, गरम चहा किती दिवसांत प्यायली ते!

आणि एक आनंद तर तुमच्या हातात आत्ताच आहे. तुम्ही वाचायला शिकला आहात. रोज एक पान वाचा. लेकराला मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचा. त्याला शब्द कळले नाहीत तरी आईचा आवाज कळतो.

बहिणाबाई चौधरींचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांचा जन्म 1880 साली खानदेशात जळगावजवळच्या असोदे गावी झाला. तेराव्या वर्षी लग्न झालं. तिसाव्या वर्षी कुंकू पुसलं गेलं. पदरात तीन लेकरं होती. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण जात्यावर दळताना, शेतात राबताना त्या गाणी रचत आणि म्हणत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि एका नातलगानं ती गाणी लिहून ठेवली. बहिणाबाई 1951 साली गेल्या आणि 1952 साली गाण्यांचं पुस्तक निघालं. गाण्यानं जातं हलकं होत नाही, शेतातलं कामही संपत नाही. पण कष्टातही मनाचा एक कोपरा आपला राहतो. तो कोपरा प्रत्येक आईनं राखावा. कुणाचा गाण्यात असेल, कुणाचा रांगोळीत, कुणाचा गोधडीच्या टाक्यात.

थोडी सवड मिळाली पाहिजे

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघींनी 1945 साली बोर्डी इथं बालवाडीचं काम सुरू केलं. बोर्डी आता पालघर जिल्ह्यात आहे. गरिबांची लेकरं बालवाडीपर्यंत येईनात. कशी येणार? आया कामावर जात. मग या बाईच लेकरांच्या अंगणात गेल्या आणि तिथंच शाळा भरवली. म्हणून नाव पडलं अंगणवाडी. पुढं 1957 साली त्यांचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळालं.

सरकारची अंगणवाडी योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. आज गावोगावी अंगणवाडी आहे. तीन वर्षांचं लेकरू तिथं धाडावं. ते गाणी शिकतं, चार लेकरांत मिसळतं, जेवतं. पाजणाऱ्या आईलाही तिथून सहा महिने आहार मिळतो. आणि आईला दोन-चार तास हात मोकळे मिळतात. त्या वेळात सगळीच कामं कोंबू नका. त्यातला अर्धा तास तरी स्वतःचा ठेवा.

डोळ्यांतलं पाणी थांबेना तर

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस बाईला उगाच रडू येतं. पुष्कळ जणींना येतं. दोन आठवड्यांत ते आपोआप जातं. तेवढे दिवस तिला जवळ घ्यावं, रागावू नये.

पण दोन आठवड्यांनंतरही रडू थांबत नसेल, तर? लेकरू झोपलं तरी तिला झोप येत नसेल, भूक लागत नसेल, लेकराला घ्यावंसं वाटत नसेल, तर तो आजार आहे. आपल्यासारख्या देशांत पाचांतल्या एका बाळंतिणीला असा मनाचा त्रास होतो. ही करणी नव्हे, नाटक नव्हे. अंगारे-धुपारे करत बसू नका. डॉक्टरांकडे न्या. औषधानं आणि आधारानं ती बरी होते.

आणि ती जीव देण्याचं बोलली, लेकराचं बरंवाईट करावंसं वाटतं म्हणाली, किंवा भलतंच बरळू लागली, नसलेलं दिसतं म्हणू लागली, तर एक दिवसही थांबू नका. तिला एकटं ठेवू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. फोनवर सल्ला हवा असेल, तर 14416 हा नंबर लावा. तो 2022 सालापासून चालू आहे. रात्री-बेरात्री लावला तरी चालतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.

शेवटचा शब्द

त्या दिवशी गुलमंडीत काय झालं, ते सांगायचं राहिलं. बाई चार पावलं पुढं गेली. नवरा तिथंच थांबला. त्यानं तान्ह्याला आपल्या कडेवर घेतलं आणि म्हणाला, "आता हात मोकळे झाले तुझे. भर बांगड्या." ती लाजली. मग खाली बसली. बांगडीवालीनं एकेक बांगडी चढवली. बाईनं हात हलवला, बांगड्या वाजल्या, आणि बापाच्या कडेवरचं लेकरू त्या आवाजाला खुदकन हसलं. ते पाहून मायही हसली.

बायांनो, "माझं काय एवढं?" हे वाक्य आजपासून सोडा. बापांनो, ते ऐकून गप्प बसू नका. लेकराला कडेवर घ्या आणि तिचे हात मोकळे करा. माय हसली, की लेकरू हसतं. लेकरू हसलं, की घर हसतं.